बगलफूट फेकू नका
(रेडिओवरील भाषण)



नोव्हेंबर लागला की रोपवाटिकांच्या दारात टोमॅटोच्या रोपांचे ट्रे दिसू लागतात, आणि गच्चीत चार कुंड्या असलेला माणूस तिथून सहसा रिकाम्या हातानं परतत नाही. २०२३च्या जुलैत किलोला दीडशेच्या वर रुपये मोजल्यापासून तर अनेकांनी घरी टोमॅटो लावायचं मनावर घेतलं. पण घरचा टोमॅटो लावायचा तो भावासाठी नव्हे. दोन कुंड्यांनी महिन्याचा बाजार वाचत नाही. बाजारातला टोमॅटो लांबच्या प्रवासासाठी अर्धाकच्चा तोडलेला असतो. घरचा झाडावर लाल होतो. त्या चवीसाठी लावायचा.

आपल्याकडे घरच्या टोमॅटोला थंडीचाच हंगाम चांगला. या झाडाला दिवसा पंचवीस-सव्वीस अंश आणि रात्री १५ ते २० अंश मानवतात. दिवसाचा पारा पस्तिशीच्या पुढे गेला आणि रात्रीही उकडायला लागलं की फुलं गळतात. उलट रात्र १३ अंशांच्या खाली गेली की परागकण नीट तयार होत नाहीत, आणि फूल दिसतं पण फळ धरत नाही. पुणे, सातारा, संभाजीनगरकडे हे डिसेंबर-जानेवारीत होतंच. निफाडची तर गोष्टच वेगळी. तिथे द्राक्षबागा वाचवायला रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. मुंबई-कोकणातल्या श्रोत्यांना मात्र ही काळजी नाही, त्यांच्याकडे हिवाळा म्हणजे टोमॅटोसाठी केलेली हवा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं खास थंडीसाठी ‘पुसा शीतल’ हे वाण काढलं आहे. रात्रीचा पारा ८ अंशांवर आला तरी ते फळ धरतं. थंड भागात राहणाऱ्यांनी त्याचं बी मिळतं का, हे जरूर विचारावं.

बी टाकायचं असेल तर ते दिवाळीच्या आधी. कारण बी थंडीत फार रेंगाळतं. २५ अंशांत जे बी सहा दिवसांत वर येतं, त्याला १५ अंशांत दोन आठवडे लागतात आणि १० अंशांत महिना उलटतो. तोवर ओल्या मातीत ते कुजण्याचीच शक्यता जास्त. ज्यांचा ऑक्टोबर निसटला त्यांनी सरळ तयार रोप आणावं, त्यात कमीपणा काही नाही. आज मोठे शेतकरीही कोकोपीटच्या ट्रेमधली तयार रोपंच नेतात. रोप घेताना उंची बघू नका, खोड बघा. वीतभर उंचीचं, पेन्सिलीसारख्या जाड खोडाचं आणि फूल न आलेलं रोप चांगलं. ट्रेमध्येच फुललेलं रोप दिसायला गोड, पण ते तिथे अडकून पडलेलं असतं.

आता आणलेल्या रोपाचं खोड जरा जवळून पाहा. बुडाकडे बारीक, पांढरट उंचवटे दिसतील. ती खोडावरच येऊ घातलेली मुळं. मातीचा स्पर्श आणि ओल मिळाली की ती सुटतात. म्हणून टोमॅटो लावताना खालची पानं काढायची आणि खोड वरच्या पानांपर्यंत मातीत गाडायचं. वांगं-मिरचीला असं करू नये, टोमॅटोला बेलाशक करावं. कुंडी निदान १४ इंची हवी. रंगाची २० लिटरची बादली बुडाला भोकं पाडून घेतली तरी उत्तम. निम्मी माती, निम्मं शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड एवढं पुरतं. थंडीत पानांची खालची बाजू जांभळी पडली तर घाबरून खताचा मारा करू नका. मुळं गार असली की त्यांना स्फुरद उचलता येत नाही, एवढंच. ऊन वाढलं की रंग परततो.

मला आज मुख्य सांगायचं आहे ते पुढेच. रोप हातभर झालं की पान आणि खोड यांच्या बेचक्यातून नवा कोंब निघतो. त्याला बगलफूट म्हणतात. पुसा रूबीसारख्या किंवा चेरी टोमॅटोसारख्या उंच वाढणाऱ्या जातींत ही फूट काढावी लागते, नाहीतर झाडाचं जंगल होतं. (बुटक्या, झुडपी जातींत ती राहू द्यावी, फळं तिच्यावरच येतात.) लोक ही फूट खुडतात आणि फेकतात. मला हे बघवत नाही. तो कोंब म्हणजे फुकटचं रोप आहे, आणि बियांच्या रोपापेक्षा कितीतरी पुढे गेलेलं.

हिशेब करून पाहा. डिसेंबरच्या मध्यावर टाकलेलं बी थंडीतून कसंबसं वर येणार, फेब्रुवारीत कुंडीत जाणार आणि ऐन फुलावर येणार तेव्हा मार्चचं ऊन तापलेलं असणार. त्याच वेळी खुडलेली बगलफूट जानेवारीत कुंडीत जाते, फेब्रुवारीत फुलते आणि उन्हाळ्याच्या आत फळं देते. शिवाय संकरित जातीच्या फळातलं बी धरलं तर पुढचं झाड आईसारखं निघेलच असं नाही. फुटीचं झाड मात्र हुबेहूब तेच.

करायचं असं. सहा-आठ इंचांची, निरोगी झाडाची फूट सकाळी धारदार कात्रीनं कापा. कळ्या असतील तर काढा, खालची पानं काढा, वर दोन-तीनच ठेवा. रंगीत बाटलीत पाणी भरून खोडाचा खालचा भाग त्यात बुडवा. उजेडात शेवाळ धरतं म्हणून बाटली रंगीत. पाणी दोन दिवसांआड बदला. बाटली उजेडात ठेवा, पण कडक उन्हात नको, आणि रात्री घरात घ्या. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत मुळं सुटतात, थंडीत दोन आठवडे किंवा जास्तही लागतात. पानं पहिले काही दिवस मान टाकतील, तेवढ्यानं फेकू नका. मुळं इंचभर झाली की लगेच मातीत लावा. पाण्यात वाढलेली मुळं नाजूक असतात, ती लांबलचक होऊ दिली की मातीत रुळायला वेळ घेतात. लावल्यावर चार-पाच दिवस सावलीत ठेवा.

एक पथ्य कडक पाळायचं. ज्या झाडाची पानं आकसून चुरडलेली आहेत, त्याची फूट घ्यायची नाही. ती विषाणूची खूण. हा विषाणू पांढरी माशी पसरवते आणि फुटीबरोबर तो नव्या कुंडीतही जातो. तसंच तंबाखू मळलेल्या हातांनी टोमॅटोला शिवू नये. तंबाखूतला मोझॅक विषाणू टोमॅटोवरही येतो आणि तो हातांनीच पसरतो. घरात कुणी शौकीन असतील तर त्यांना आधी साबणानं हात धुवायला सांगा. तेवढंच एक निमित्त.

बाकी देखभाल थोडकी. पाणी सकाळी, बुडाशी, पानांवर नाही. दव आणि ढगाळ हवा एकत्र आली की करपा येतो. जमिनीला टेकणारी पानं आधीच काढून टाकावीत. द्राक्षवाल्यांचं एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण इथेही चालतं: लिटरभर पाण्याला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना, प्लॅस्टिकच्याच बादलीत. फळाचं बूड काळं पडलं तर तो रोग नव्हे. पाणी कधी कमी, कधी भरमसाट दिलं की फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही. आणि फुलं आल्यावर सकाळी दहाच्या सुमारास काठीला हलकी टिचकी मारा, पराग झडून फळधारणा सुधारते.

एप्रिलमध्ये झाड फुलं गाळू लागलं की त्याला खत घालत बसू नका, उपटून टाका. त्या कुंडीत पुढच्या खेपेला टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा यांतलं काहीही नको. ही सगळी एकाच कुळातली, त्यांचे बरेच रोगही सारखे. तिथे मेथी टाका नाहीतर गवार लावा.