सागराकडून सागराकडे : इंग्लंडच्या डोंगरांतून सायकलने

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल अथर्वशीर्षाची आवर्तने झाली, उद्या पाककला स्पर्धा आहे. या दोन्हींच्या मध्ये मला सायकलवर बोलायला उभे केले, त्यामागे कार्यकारिणीचा काय हेतू असावा हे बाप्पालाच ठाऊक! पण संधी दिलीत, आभारी आहे.

आपल्यापैकी बरेच जण कंपनीच्या कामासाठी परदेशी जाऊन आलेले आहेत. मला २०१७ साली मँचेस्टरला पाठवले. सोबत आपल्याच कचेरीतला एक मित्र होता. जन्माने कानडी, पण मराठी शिकला ते आपल्या मांडवात, आरत्या ऐकत ऐकत. आज तो समोर पहिल्याच रांगेत बसला आहे. त्याच्या परवानगीनेच पुढची हकिगत सांगतो आहे.

आम्ही दोघे बंगळूरला रविवारी नंदी हिल्स चढणारे. नंदी हिल्सची उंची १४७८ मीटर. इंग्लंडमधले सर्वांत उंच शिखर म्हणजे स्कॅफेल पाइक, ते ९७८ मीटर. तेव्हा आम्हाला वाटले, इथले डोंगर म्हणजे टेकड्याच. हा गैरसमज पहिल्याच महिन्यात उतरला.

गंमत अशी, की सायकलवाल्याला छळतो तो चढाचा तीव्रपणा. उंचीचा त्यात फारसा वाटा नसतो. आपले बहुतेक घाटरस्ते गाड्यांसाठी वळणे घेत घेत बांधलेले. इंग्लंडच्या डोंगराळ भागातले कितीतरी छोटे रस्ते जुने, गावकऱ्यांच्या आणि ओझ्याच्या घोड्यांच्या पायवाटांवरून आलेले. ते समोरच्या उतारावर सरळ चढतात. लेक डिस्ट्रिक्टमधली हार्डनॉट खिंड अवघी ३९३ मीटर उंच. पण तिथला चढ काही ठिकाणी तीनास एक, म्हणजे सुमारे ३३ टक्के आहे. तीन मीटर पुढे गेलात की एक मीटर वर! पुढचे चाक उचलले जाते आणि मागचे ओल्या डांबरावर घसरते. आम्ही दोघांनीही तिथे उतरून सायकली ढकलल्या. लाज वाटली नाही, कारण पुढे-मागे ढकलणारे इंग्रजही होते.

तिथे ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे मिळतात. त्यात रस्त्यावर बाणासारखी खूण असते. एक बाण असेल तर चढ साताला एक ते पाचाला एक. दोन बाण असतील तर त्याहूनही कठीण. आधी आम्ही नकाशात गावे शोधायचो. नंतर बाण मोजायला लागलो. या देशात सायकलवाल्यांची काळजी घेण्याची परंपरा जुनी आहे. १८७८ साली तिथे सायकल पर्यटकांचा क्लब स्थापन झाला आणि मोटारी येण्यापूर्वीच त्यांनी धोक्याच्या उतारांच्या माथ्यावर इशाऱ्याच्या पाट्या लावल्या होत्या.

२०१४ साली 'टूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध शर्यत यॉर्कशायरमधून सुरू झाली. लीड्स ते हॅरोगेट हा पहिला टप्पा. त्यात बटरटब्स नावाची ५२६ मीटर उंचीची खिंड होती. आम्हीही ती चढलो. दोन्ही बाजूंना चुन्याविना रचलेल्या दगडी भिंती, मेंढ्या, आणि गुरे ओलांडू नयेत म्हणून रस्त्यात बसवलेल्या लोखंडी जाळ्या. त्या जाळीवरून चाक सरळ न्यायचे, नाहीतर पडलातच म्हणून समजा.

एवढी तयारी झाल्यावर २०१८ च्या जून महिन्यात आम्ही मोठा बेत ठरवला. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हाइटहेवनपासून पूर्व किनाऱ्यावरच्या संडरलँडपर्यंत, समुद्र ते समुद्र, सुमारे २२५ किलोमीटर. १९९४ साली हा मार्ग सुरू झाला. वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून सगळे पश्चिमेकडूनच निघतात. निघताना मागचे चाक आयरिश समुद्रात बुडवायचे आणि पोचल्यावर पुढचे चाक उत्तर समुद्रात, अशी रीत आहे. आम्ही नारळ मात्र मँचेस्टरच्या भारतीय दुकानातून नेला होता, तो व्हाइटहेवनला फोडला.

पहिला दिवस सुखाचा गेला. जुन्या बंद रेल्वेमार्गावरची वाट, मग व्हिनलॅटर खिंड, आणि संध्याकाळी केझिक. जूनमध्ये तिथे रात्री नऊ वाजताही उजेड असतो.

दुसऱ्या दिवशी पेनरिथच्या पुढे एडन नदीच्या खोऱ्यात लँगवथबी नावाचे गाव लागते. तिथून हार्टसाइडचा चढ. माथा ५८० मीटर, म्हणजे खोऱ्यातून जवळजवळ ५०० मीटर वर. पाऊस सुरू झाला होता. मित्र म्हणाला, "इथे थांबून काहीतरी खाऊया." मी म्हणालो, "कशाला? माथ्यावर मोठे उपाहारगृह आहे. तिथे गरम गरम खाऊ." माझ्याजवळचे पुस्तक काही वर्षांपूर्वीचे होते आणि त्यात तसे ठळक छापलेले होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या मित्राला मधुमेह आहे आणि तो इन्शुलिन घेतो. हे मला पंधरा वर्षांपासून माहीत होते. त्याच्या खिशातल्या ग्लुकोजच्या गोळ्या सकाळीच संपल्या होत्या, हेही माहीत होते. तरी मी घाई केली. पावसाच्या आधी माथा गाठायचा होता, दुसरे काही कारण नव्हते.

माथ्यावर पोचलो तेव्हा ढग अंगावर आला होता. वीस पावलांपुढचे दिसेना. आणि उपाहारगृह नव्हते. तीन महिन्यांपूर्वी, मार्च २०१८ मध्ये, ते आगीत जळाले होते. दार उघडून आत बसावे असे तिथे काहीच उरले नव्हते.

मी मागे पाहिले. मित्र सायकलला टेकून उभा होता. मी काही विचारले, त्याने कानडीत भलतेच उत्तर दिले. हात थरथरत होते, जर्किनची चेन उघडता येईना. आधी मला वाटले, थंडीने असेल. मग कपाळाला हात लावला, तर त्या वाऱ्यातही घाम. त्याच्या पिशवीतून यंत्र काढून रक्त तपासले. साखर ५२. सत्तरच्या खाली गेली की धोका, एवढे मला ठाऊक होते. माझ्या पिशवीत पाणी होते आणि केळ्याची एक साल होती. ते केळे चढावर मीच खाल्ले होते.

तेवढ्यात ढगातून दोन सायकली वर आल्या. साठीच्या पुढचे एक जोडपे. मी धावत जाऊन गोड काही आहे का विचारले. बाईंनी एकही प्रश्न न विचारता खिशातून जेली बेबीज नावाच्या मऊ गोळ्यांची पुडी काढली. चार गोळ्या त्याला चावायला लावल्या. गृहस्थांनी चंदेरी कागदासारखे पांघरूण त्याच्या अंगाभोवती गुंडाळले. पंधरा मिनिटे आम्ही चौघे वाऱ्याकडे पाठ करून उभे होतो. माझ्या आयुष्यात पंधरा मिनिटे इतकी लांब कधी झाली नव्हती. पुन्हा तपासले तर ८१. मग त्यांनी आपला ब्रेडही दिला, कारण नुसत्या साखरेने चढलेली पातळी पुन्हा उतरू शकते.

धोका तिथेच संपला नव्हता. चढताना अंग तापते, पण ओल्या कपड्यांनी उतरताना वारा सगळी ऊब काढून घेतो. आम्ही कचऱ्याच्या प्लॅस्टिक पिशव्यांना भोके पाडून जर्किनच्या आत घातल्या आणि अगदी सावकाश, ब्रेक दाबत ऑल्स्टनला उतरलो. ते जोडपे गावाच्या वेशीपर्यंत आमच्या मागे राहिले. मी नाव विचारायचे विसरलो, ही खंत आजही आहे.

रात्री मी मित्राची माफी मागितली. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "उद्यापासून कुठे थांबायचं ते मी ठरवणार." दोनच शब्दांत मी म्हणालो, "बरं बाबा."

तिसऱ्या दिवशी ब्लॅक हिल, ६०९ मीटर, या मार्गाचा सर्वांत उंच माथा. मग स्टॅनहोपच्या पुढे क्रॉलीसाइडचा उभा चढ. १८३४ साली तिथे रेल्वे सुरू झाली, तेव्हा त्या चढावर डबे दोरांनी ओढावे लागत. आम्हाला ओढायला कोणी नव्हते, म्हणून ढकलत गेलो. त्यानंतर मात्र त्याच जुन्या रेल्वेच्या वाटेवरून कॉन्सेटपर्यंत सुखाचा उतार. वाटेत मित्राने सहा ठिकाणी थांबवले. सहाही ठिकाणी मी निमूटपणे खाल्ले. चौथ्या दिवशी दुपारी संडरलँडला पुढची चाके समुद्रात बुडवली.

आपल्यापैकी अनेकांची मुले आता तिकडे आहेत. उन्हाळ्यात जाल, सायकल भाड्याने घ्याल, तर अवश्य जा. फक्त चार गोष्टी लक्षात ठेवा. अंतराइतकाच चढही मोजा. पुस्तकात लिहिलेले उपाहारगृह चालू आहे का, ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. पावसाचे जर्किन आणि खिशात गोड काहीतरी, हवा कितीही छान असली तरी, सोबत ठेवा. आणि बरोबरचा माणूस थांबूया म्हणाला, तर थांबा.

माझ्या खिशात तेव्हापासून गोळ्यांची पुडी असते. मांडवातही असते. ही पाहा.

गणपती बाप्पा मोरया!