वाहनातील बदल आणि विम्याचा करार



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून वसंत ऋतूतील या व्यासपीठांवर इतिहास, काव्य, धर्म आणि राजकारण यांची चर्चा ऐकण्याची महाराष्ट्राला सवय आहे. त्या मानाने आजचा विषय रुक्ष वाटेल. मोटारीत किंवा टेम्पोत आपण काही फेरबदल केला तर तो विमा कंपनीला कळवावा की नाही, एवढाच तो प्रश्न. परंतु या सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या वाहनांकडे जाताना एकवार नजर टाका. कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली वाहने त्यांत फार थोडी सापडतील. म्हणजे विषय रुक्ष असला तरी परका नाही.

आपला जालना हा व्यापाराचा गाव. लोखंडाच्या गिरण्या, बियाण्यांच्या कंपन्या आणि मोसंबीच्या बागा या तिन्हींचा माल चाकांवरूनच बाहेर पडतो. साहजिकच आपल्याकडे वाहनाला वाढीव कामाला जुंपण्याची वृत्ती आहे. सळया वाहायच्या म्हणून कमानीला दोन पाटे जास्त घातले जातात. मोसंबीचा हंगाम आला की टेम्पोच्या हौद्याची उंची लोखंडी जाळी मारून वाढते. पेट्रोल महागले म्हणून मोटारीत गॅसचे किट बसते. शाळेच्या व्हॅनमध्ये एक बाक जादा येतो. तरुण मंडळी बुलेटचा मूळ सायलेन्सर काढून असा बसवतात, की आळीतल्या तान्ह्या मुलाची झोप मोडलीच पाहिजे. पुढे ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि आपल्या मोटारींना पूर्वी न मिळालेला वेगही मिळाला. गावातल्या खड्ड्यांत खपून गेलेला बदल त्या वेगात खपेलच असे नाही.

हे सारे बदल सारख्याच लायकीचे नाहीत, हे पुढे सांगेनच. आधी विमा म्हणजे काय ते पाहू. दुकानातून पोते विकत घ्यावे तशी पॉलिसी विकत मिळते, असा आपला समज असतो. वस्तुतः ते एक वचन आहे आणि ते एका वर्णनावर दिलेले असते. अमुक बनावटीची, अमुक इंधनावर चालणारी, अमुक माणसे किंवा अमुक वजन वाहणारी, अमुक किमतीची गाडी, असे वर्णन आपण देतो. त्यावरून कंपनी धोक्याचा अंदाज बांधते आणि हप्ता ठरवते. कंपनीचा अधिकारी आपल्या गोठ्यात येऊन रोज गाडी पाहत नाही. जे ठाऊक आहे ते मालकाला. म्हणून या कराराला परम सद्भावाचा करार म्हणतात.

या तत्त्वाचा उगम मोठा मनोरंजक आहे. सुमात्रा बेटावर इंग्रजांचा मार्लबरो नावाचा किल्ला होता. तो परक्या शत्रूच्या हाती पडेल या भीतीने तेथील गव्हर्नर कार्टर याने विमा उतरवला. १७६० साली फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा उतरवणारा बोह्म म्हणाला, किल्ला दुबळा होता हे तुम्ही मला सांगितले नाही, मी पैसे देणार नाही. १७६६ साली लॉर्ड मॅन्सफील्डने निकाल दिला. सद्भाव दोन्ही पक्षांवर बंधनकारक आहे, एकालाच ठाऊक असलेली गोष्ट त्याने दुसऱ्यापासून दडवता कामा नये, हे तत्त्व त्याने ठामपणे मांडले. आणि तरीही त्याने निकाल दिला तो विमा उतरवणाऱ्याच्या विरुद्ध! कारण जी गोष्ट त्याला स्वतःच कळू शकत होती, तिच्याबद्दल त्याने मागाहून तक्रार करू नये. हा खटला मी मुद्दाम सांगितला. कंपनीला कळवण्याचे कर्तव्य म्हणजे कंपनीची गुलामगिरी नव्हे. आपण कळवले की पुढची जबाबदारी तिच्या गळ्यात पडते, आणि यातच आपला खरा लाभ आहे.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ५२ वे कलम या विषयाचे मूळ आहे. उत्पादकाने मूळ जो तपशील दिला आणि जो नोंदणी पुस्तकात उतरला, त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र यांच्या खटल्यात हीच गोष्ट स्पष्ट केली. मात्र कायद्याने सारीच दारे लावलेली नाहीत. मान्यताप्राप्त किट बसवून इंधन बदलता येते. अपंग व्यक्तीला चालवता यावी म्हणून गाडी जुळवून घेता येते. इंजिन निकामी झाले तर रीतसर परवानगीने तसलेच दुसरे घालता येते. असा बदल झाला की चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवून नोंदणी पुस्तकात तो चढवून घ्यावा लागतो. बिनपरवानगी बदलाला २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ लावले. त्यात मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही सांगितली आहेत.

यावरून बदलांचे तीन वर्ग पडतात. पहिला निरुपद्रवी वर्ग. गादीवरची खोळ, पायाखालची चटई यांसाठी कोणी कोणाला पत्र लिहू नये. दुसरा वर्ग कायद्याने मान्य, पण धोका किंवा किंमत बदलणाऱ्या गोष्टींचा. गॅसचे किट, महागडी ध्वनियंत्रणा, अपंगांसाठी केलेली रचना या त्यात येतात. या कळवल्याच पाहिजेत. तिसरा वर्ग मुळातच निषिद्ध. वाढवलेला हौदा, कर्कश सायलेन्सर किंवा शाळेच्या व्हॅनमधला जादा बाक नुसता कंपनीला कळवल्याने शुद्ध होत नाही. त्याला औषध एकच, काढून टाकणे.

कळवले नाही तर काय होते? येथे विम्याचे दोन भाग वेगळे करून पाहावे लागतात. एक आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आणि दुसरा तिऱ्हाइताचा. दुसरा कलम १४६ प्रमाणे सक्तीचा आहे.

समजा, बदनापूरकडच्या एका बागाईतदाराने मोटारीत पन्नास हजारांचे गॅस किट बसवले आणि कोणालाच सांगितले नाही. उन्हाळ्यात गाडीने पेट घेतला. सर्व्हेअर येतो, जळालेली टाकी पाहतो, पॉलिसी उघडतो. तेथे लिहिलेले असते, इंधन पेट्रोल. किटची किंमत वेगळी नोंदलेली नाही, म्हणून किटची भरपाई नाही. गाडीच्या भरपाईवरही आक्षेप येतो, कारण ज्या गाडीचा विमा होता ती गाडी आणि जळालेली गाडी एक नाही. आता या मौनात बचत किती झाली ते पाहा. २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफप्रमाणे किटच्या किमतीवर ४ टक्के, म्हणजे २,००० रुपये, आणि तिऱ्हाइताच्या भागासाठी आणखी ६० रुपये पडत. २००७ पासून स्वतःच्या नुकसानीचे दर कंपन्या आपापले ठरवतात, तरी हिशेबाचा अंदाज यावरून येतो. दोन हजार वाचवण्यासाठी आख्खी गाडी पणाला लावणे, याला काटकसर म्हणता येत नाही.

तिऱ्हाइताचा भाग याहून गंभीर आहे. रस्त्याने चाललेल्या निरपराध माणसाला भरपाई मिळावी म्हणून कायद्याने कंपनीच्या सबबी मोजक्याच ठेवल्या आहेत. परंतु महत्त्वाची बाब दडवून पॉलिसी मिळवली, ही त्या मोजक्या सबबींपैकी एक आहे. शिवाय चालकाच्या परवान्यासंबंधीच्या स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली असा मार्ग दाखवला, की कंपनीने आधी अपघातग्रस्ताला द्यावे आणि शर्तभंगाबद्दल मालकाकडून वसूल करावे. म्हणजे जखमी माणूस वाचला तरी मालक वाचतोच असे नाही. न्यायाधिकरणाचा निवाडा लाखांच्या घरात जातो. टेम्पोच्या जोरावर घर चालवणाऱ्या माणसाकडे तो फेडण्यासाठी जमिनीच्या तुकड्याशिवाय असते काय?

काही जण म्हणतात, "सगळेच करतात, कोण बघतो?" खरे आहे, हप्ता घेताना फारसे कोणी बघत नाही. बघणारा येतो तो अपघातानंतर, आणि तेव्हा तो बारकाईने बघतो. दुसरे म्हणतात, "एजंट म्हणाला, चालतं." एजंट तोंडाने बोलला आणि पॉलिसी कागदाने बोलते. दोघांत वाद झाला तर कागद जिंकतो.

मात्र कंपनीने फिरवलेले प्रत्येक उत्तर अखेरचे मानून घरी बसू नये. खासगी म्हणून विमा उतरवलेली एक मोटार भाड्याने वापरली जात असता चोरीला गेली. त्या नितीन खंडेलवाल खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की चोरीच्या प्रकरणात त्या शर्तभंगावरून सारा दावा फेटाळता येणार नाही, आणि ७५ टक्के रक्कम देण्याचा निर्णय कायम ठेवला. झालेल्या नुकसानीशी बदलाचा काही संबंध होता का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. त्यासाठी कंपनीचा तक्रार विभाग, मग विमा लोकपाल किंवा जिल्हा ग्राहक आयोग, अशा पायऱ्या आहेत. पण शंभरातले पंचवीस गमावून आणि काही वर्षे तारखा मोजून मिळालेला न्याय, आणि आधीच टाकलेले एक पत्र, यांत शहाण्याने काय निवडावे हे मी सांगायला नको.

ते पत्र कसे टाकावे? बदल करण्यापूर्वीच तो कायद्यात बसतो का, हे परिवहन कार्यालयात विचारावे. किट घ्यायचे तर मान्यताप्राप्त घ्यावे, अधिकृत ठिकाणी बसवावे आणि पावती व प्रमाणपत्र जपावे. गॅसच्या टाकीची ठरलेल्या मुदतीत दाबचाचणी करून घ्यावी. नोंदणी पुस्तकात नोंद झाली की कंपनीला लेखी अर्ज द्यावा आणि पोचपावती घ्यावी. जादा हप्ता भरून एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडली जाणारी दुरुस्तीची चिठ्ठी, हातात पडेपर्यंत काम पुरे झाले असे समजू नये. दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी ती नोंद पुढे आली की नाही हे चष्मा लावून पाहावे. आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्याने गाडी, नोंदणी पुस्तक आणि पॉलिसी या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून ताडून घ्याव्यात. आधीच्या मालकाचे मौन नव्या मालकाला फार महाग पडते.

कळवले की खर्चच वाढतो, असेही नाही. अपंगांसाठी खास रचना केलेल्या गाडीला त्याच टॅरिफमध्ये स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर निम्मी सूट होती. मान्यताप्राप्त चोरीरोधक यंत्र बसवणाऱ्यालाही थोडी सवलत होती. जो सांगतो त्यालाच ती मागता येते.

प्रपंचात नेटकेपणा असावा, असा आग्रह धरणाऱ्या समर्थांचे जन्मगाव जांब आपल्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. त्यांच्या काळी मोटारी नव्हत्या. पण आपला व्यवहार आणि आपला कागद यांत तफावत असू नये, ही अपेक्षा तेव्हाही होती. गाडी कशी सजवावी हा ज्याच्या त्याच्या हौसेचा आणि धंद्याचा प्रश्न आहे. माझी विनंती इतकीच, की उद्या सकाळी आपली पॉलिसी पेटीतून काढा, ती घेऊन गाडीपाशी जा आणि कागदावरची गाडी व दारातली गाडी एकच आहे ना, ते पाहा. एक नसेल तर त्याच दिवशी अर्ज लिहा.