औषधाची उन्हातली परीक्षा



2018 च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली. गवता-झुडपांतल्या बारीक किडीच्या चाव्यातून येणाऱ्या या तापावर डॉक्सिसायक्लिन हे हुकमी औषध. ते जीव वाचवतं. पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला माणूस अंगात जरा ताकद आली, की सोयाबीन सोंगायला नाहीतर कापूस वेचायला निघतो. हे औषध चालू असताना कडक ऊन लागलं, तर एखाद्याचा चेहरा, मान, हातांची पाठ भाजल्यासारखी लाल होते, आग होते. बाहीखालची कातडी मात्र जशीच्या तशी. अशी सरळ रेघ दिसली, की उन्हाचा संशय घ्यावा.

असं का होतं? औषध रक्तातून कातडीत पोचतं. काही औषधांचे रेणू सूर्याचे अतिनील-ए किरण शोषतात आणि ती ऊर्जा ऑक्सिजनला देतात. असा उत्तेजित ऑक्सिजन पेशींची आवरणं मोडतो. तेवढ्या औषधाने एरवी काही होत नाही, तेवढ्या उन्हानेही नाही. इजा होते ती दोन्ही एकत्र आल्यावर. म्हणून परीक्षाही दोघांची एकत्रच घ्यावी लागते.

त्यासाठी माणसाला भाजायची गरज नाही. प्रयोगशाळेत मानवी कातडीच्या पेशी वाढवून त्यांचे थर तयार करतात. वरची बाजू हवेला उघडी ठेवली, की खऱ्या कातडीसारखा पापुद्रा धरतो. त्यावर औषध लावून काही तुकडे अतिनील-ए दिव्याखाली ठेवतात, काही अंधारात. दुसऱ्या दिवशी एमटीटी हे पिवळं द्रव्य देतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात, मेलेल्या करत नाहीत. रंग मोजला, की किती पेशी जगल्या ते कळतं. त्याच मात्रेला अंधारातल्यापेक्षा उजेडातलं प्रमाण 30 टक्के किंवा अधिक घटलं, तर औषध प्रकाशविषारी. प्रत्येक वेळी सोबत क्लोरप्रोमाझिन हे उन्हात बाधणारं जुनं औषधही तपासतात. तेच सुटलं, तर चाचणी बाद.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने 2004 मध्ये उंदराच्या पेशींवरची चाचणी स्वीकारली आणि 2021 मध्ये या मानवी कातडीवरची. भारतानेही 2023 च्या नियमदुरुस्तीने नव्या औषधांसाठी पेशींवरच्या चाचण्यांना वाट मोकळी केली. मात्र गिळलेली गोळी कातडीत किती उतरते, हे या तुकड्यावरून कळत नाही. चाचणी धोका दाखवते. तो किती, हे रुग्णांवर लक्ष ठेवूनच ठरतं.

आणि हा धोका माहीत झाल्यावर तो बारीक इंग्रजी अक्षरांत घडी घातलेल्या कागदावर पडून राहिला, तर शेतातल्या माणसाला त्याचा काय उपयोग? डॉक्टरांनी आणि मेडिकलवाल्यांनी तो मराठीत, तोंडाने सांगावा. तुम्हीही गोळी हातात घेताना विचारा, ‘हिच्यावर उन्हात गेलं तर चालेल का?’ मनाने औषध बंद करू नका. पूर्ण बाह्या घाला, तोंड-मान रुमालाने झाका, दुपारचं काम टाळा, आणि कातडी जळजळली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.