बोल्ट आवळायचा तो हिशेबानं
(जिल्हा बैठकीतील भाषण)



बोल्ट जितका आवळावा तितका पक्का, ही समजूत सोडा. आवळताना बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि तो ताणच दोन भाग धरून ठेवतो. ताण कमी पडला तर हादऱ्यानं नट सुटतो. जास्त झाला तर बोल्ट कायमचा लांबतो आणि एक दिवस तुटतो.

हिशेब सोपा आहे. माथ्यावर ८.८ लिहिलेल्या १२ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ८ किलो-मीटर टॉर्क लागतो. अर्ध्या मीटरच्या पान्याला १६ किलोचा जोर दिला की झालं. पाइप घालून लांबी मीटरभर केली, तर तेवढ्याच जोरात टॉर्क १६ होतो. दुप्पट! आटे तेलकट असले तर ताण आणखी वाढतो. पुस्तकात तेल लावा म्हटलं नसेल, तर आटे पुसून कोरडे करा.

चाकाचे नट समोरासमोरचे आवळा, थोडं चालवून पुन्हा तपासा. इंजिनच्या हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं. एकाच अंगानं आवळलं तर हेड वाकतं, गॅस्केट जातं, पाणी तेलात उतरतं. ट्रॅक्टर उभा राहतो तो नेमका पेरणीला, आणि वाफसा कुणासाठी थांबत नाही.

टॉर्क पाना एकट्याला महाग वाटेल. गावानं वर्गणी काढून एक घ्यावा. मेकॅनिकला विचारा, "किती किलोवर आवळला?" कापसाचा काटा आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. हाही काटा पाहायला शिकू.