दहा तासांचं गाव

आज आम्ही तुम्हाला इंग्लंडमधल्या एका लहान बाजारगावाबद्दल सांगणार आहोत. नाव टॉडमॉर्डन. उत्तरेकडच्या डोंगरात तीन अरुंद खोरी मिळतात तिथे ते वसलंय. वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. पूर्वी दोन जिल्ह्यांची शीव गावातूनच जायची. १८७५ साली उघडलेलं नगरभवन नेमकं त्या शिवेवर बांधलंय.

आधी तिथे घरोघरी लोकर विणत. मग कापसाच्या गिरण्या आल्या. पुढे आपल्या वऱ्हाड-खानदेशचा कापूसही त्या भागातल्या गिरण्यांत गेला. गिरणीत बायका आणि पोरं राबायची, बारा तास, कधी त्याहूनही जास्त. तास कमी करा म्हणून मजुरांनी वर्षानुवर्षं सभा घेतल्या, अर्ज केले. मालक म्हणत, धंदा बुडेल. एका अर्थशास्त्रज्ञाने तर मांडलं, की नफा शेवटच्या तासातच मिळतो!

याच गावचे जॉन फील्डन स्वतः गिरणीमालक. पण लहानपणी, दहाएक वर्षांचे असताना, ते वडिलांच्या गिरणीत राबले होते. खासदार झाल्यावर त्यांनी मजुरांची बाजू लावून धरली. १८४७ साली कायदा झाला: कापड गिरण्यांत बायका आणि १३ ते १८ वर्षांची मुलं यांना दिवसाला दहा तासच काम. गिरण्या काही बुडाल्या नाहीत.

आता तिथलं गिरण्यांचं युग संपलं. बाजार मात्र भरतो. २००८ पासून गावकऱ्यांनी रस्त्याकडेला, अगदी पोलीस ठाण्यासमोरही भाज्या लावल्या. ज्याला हवी त्याने तोडून न्यावी. हे सगळं फावल्या वेळातलं काम. फावला वेळच नसेल, तर असं काही सुचेल का?

पण एक लक्षात घ्या. त्या कायद्याने गिरणीतले तास मोजले. घरी गेल्यावर चूल, पाणी, लेकरं यांचे तास कुणी मोजले नाहीत. आपलेही कोण मोजतं? बचत गटाच्या बैठकीत आम्ही विचारतो, "ताई, दिवसभर काय करता?" उत्तर येतं, "काही नाही, घरीच असते."

म्हणून उद्या एवढं करा. पहाटे उठल्यापासून रात्री आडवं होईपर्यंत, कामाच्या दर तासाला एक रेघ ओढा. लिहिता येत नसलं तरी चालेल. संध्याकाळी तो कागद घरातल्या सगळ्यांना दाखवा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. आम्हीही आमचा आणू. मग मिळून ठरवू, कोणतं काम घरात कुणाला वाटून द्यायचं.