मूलपेशी : उपचार कोणता आणि प्रयोग कोणता

(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



जमाखर्चाचे पत्रक आपल्या हाती आहेच. त्यातील आकड्यांची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. आज एका अशा खर्चाविषयी बोलावयाचे आहे, जो या पत्रकात आढळणार नाही. कारण तो आम्ही नाकारला.

एक वडील आपल्या स्वमग्न मुलाला घेऊन आमच्या कार्यालयात आले. मूलपेशींच्या इंजेक्शनांनी मूल बोलू लागेल, असे सांगणारे माहितीपत्रक त्यांच्या हातात होते. त्यासाठी शेताचा तुकडा विकावयास ते तयार होते. उरलेली रक्कम निर्धन रुग्ण निधीतून मिळावी, एवढीच विनंती होती. "यासाठी निधी मिळत नाही," असे उत्तर त्यांना खिडकीवरूनच मिळाले. उत्तर योग्य होते, परंतु अपुरे होते. त्यामागचे कारण त्यांना समजावून सांगणे आमचे कर्तव्य होते. ते आज येथे पार पाडीत आहोत.

मूलपेशींचा उपचार मुळातच खोटा आहे काय? मुळीच नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा मूलपेशींचाच उपचार होय. आपल्या देशातील पहिले असे प्रत्यारोपण मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या एका बालिकेवर केले. आपल्या विदर्भाला तर हा विषय अगदी जवळचा. येथील सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात झाली होती. सख्ख्या भावंडाची अस्थिमज्जा जुळली, तर प्रत्यारोपणाने हा आजार बरा होऊ शकतो; मात्र प्रत्येक भावंडामागे ती जुळण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते, आणि खर्च लाखांच्या घरात जातो.

रक्ताच्या अशा आजारांखेरीज अन्य बहुतेक बाबतींत मूलपेशींचे काम अद्याप संशोधनाच्या टप्प्यात आहे. या संशोधनास मुख्यत्वे शासनाचा पैसा मिळतो : केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्याकडून. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र त्याच विभागाच्या अनुदानावर चालते. म्हणजे आपण भरलेल्या कराचाच तो विनियोग आहे, आणि म्हणूनच त्याच्या नियमांविषयी आपण जागरूक असावयास हवे.

नियमही आहेत. परिषद व विभाग यांनी २००७ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांच्या शीर्षकात 'संशोधन आणि उपचार' असे दोन्ही शब्द होते. २०१३ च्या सुधारित आवृत्तीत 'उपचार' हा शब्द गाळला गेला. २०१७ च्या आवृत्तीतही तो परतला नाही. एका शब्दाच्या गळण्यात सारा आशय आहे. जे सिद्ध झालेले नाही, ते उपचार म्हणून विकता येणार नाही. अशा प्रत्येक प्रयोगाला संस्थेची नीतिसमिती आणि मूलपेशी संशोधनाची स्वतंत्र समिती, अशा दोन्हींची संमती लागते. २०१९ च्या औषध चाचणी नियमांनी मूलपेशीजन्य उत्पादनांना नव्या औषधांत गणले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रयोगात सहभागी रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यावयाचे नसतात. स्वमग्नतेविषयी तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले आहे.

हे नियम आशेच्या आड येतात, असे काहींना वाटते. आम्हाला ते आशेचे रक्षण करणारे वाटतात. दिल्लीच्या संशोधन संस्थेने रुग्णाच्याच मूलपेशींतील जनुक दुरुस्त करणारे सिकलसेलवरील तंत्र विकसित केले असून नोव्हेंबर २०२५ मध्ये 'बिरसा १०१' या नावाने ते जाहीर झाले. ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्यात आले आहे. परदेशात अशाच उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तेथील किंमत सुमारे २२ लाख डॉलर. आपले तंत्र कसोटीला उतरून स्वस्त झाले, तर त्याचा लाभ आपल्या विदर्भालाच सर्वाधिक होईल. त्यासाठी ही कसोटी घाईने उरकून चालणार नाही.

आता आमच्या तिजोरीविषयी. धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेनुसार एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. हा पैसा कोणा एकाचा नाही, म्हणून त्यातील प्रत्येक रुपयाचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून विश्वस्तांपुढे आम्ही दोन गोष्टी ठेवीत आहोत. पहिली, सिद्ध न झालेल्या उपचाराला निधी देऊ नये. दुसरी, असा अर्ज घेऊन येणाऱ्यास खिडकीवरून परत न पाठवता समाजसेवा अधिकाऱ्यांकडे न्यावे आणि तीन प्रश्न लिहून द्यावेत : हा मान्य उपचार आहे की प्रयोग? प्रयोग असल्यास भारतीय चिकित्सा चाचणी नोंदणीतील त्याचा क्रमांक कोणता? प्रयोग आहे, तर पैसे कशाचे?

ते वडील नंतर पुन्हा आले. शेत विकले नव्हते. त्या मुलाला वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार सुरू करून दिला असून त्याचा खर्च निधीतून होत आहे. मूल बोलू लागेल, असे वचन आम्ही त्यांना दिले नाही, आणि त्यांनीही ते मागितले नाही.

आपल्या देणगीवरचा विश्वास असाच राखला जाईल, अशी ग्वाही देऊन आपली रजा घेतो.