घरची बोली, शाळेची मराठी



माणसाला भाषा येते कशी, हे पाहायचं तर आपला हा बुरोंडीचा किनारा फिरावा. खाली बंदरात मासेमारीच्या नौका, वर उतारावर हापूसच्या बागा. रत्नागिरी जिल्ह्यात या दोन्ही ठिकाणी राबणाऱ्यांत आज नेपाळहून आलेली कितीतरी माणसं आहेत. डोंगरात वाढलेला गडी तिशीत खलाशी होतो आणि तांडेलाच्या हाकांवर मराठी शिकतो. बागेची राखण करणाऱ्याची सहा वर्षांची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. दोघांच्या कानावर मराठी एकाच हंगामात पडू लागली असली, तरी दोघांचं शिकणं अगदी वेगळं असतं.

मोठ्या माणसाला कामापुरती भाषा लवकर येते. ओढ, सोड, दोर धर, बर्फ टाक. पुढे मात्र ती अडते. 'बोट आला, जाळं आला, मासळी आला' असं तो वर्षानुवर्षं म्हणत राहतो, कारण निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग किंवा नपुंसकलिंग देण्याची रीत नेपाळीत नाही. युरोपात १९८०च्या दशकात पाच देशांतल्या स्थलांतरितांच्या भाषेचा दीर्घ अभ्यास झाला. वर्गात न बसता, कामावर ऐकून भाषा शिकणारे प्रौढ एका टप्प्याला पोचतात, असं क्लाइन आणि पर्ड्यू या अभ्यासकांना दिसलं. त्या टप्प्यावर क्रियापदाला प्रत्यय नसतात, पण शब्दांचा क्रम पक्का असतो. पुष्कळजण तिथेच थांबतात. म्हणून खलाशाच्या मराठीला मोडकी म्हणून हसू नये. तिला तिची शिस्त आहे, आणि तिच्यावर समुद्रात माणसांचे जीव सांभाळले जातात.

मुलाचं शिकणं पाळण्यातच सुरू होतं. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना त्यांतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या मुलांपैकी फार थोड्यांना तो कळला. जो फरक घरात कुणी करत नाही, तो कान वर्षभरात सोडून देतो. आपल्या बाळांचा तो टिकतो, कारण आजी, आत्या, शेजारीण त्यांच्याशी दिवसभर बोलत असतात. माणसांच्या सहवासाला इथे पर्याय नाही. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांनी तिचे आवाज उचलले. पडद्यावरून तेच ऐकलेल्यांनी उचलले नाहीत. मूल इंग्रजी शिकेल म्हणून त्याच्या हाती मोबाईल देणाऱ्या आईबापांपर्यंत ही गोष्ट पोचायला हवी.

आणि मूल नुसतं ऐकलेलं परत म्हणत नाही. तीन वर्षांचं पोर 'मी करलं' म्हणतं. घरात असं कुणी बोलत नाही. 'धरलं, भरलं, सरलं' ऐकून त्यानं मनाशी नियम बांधला आणि तो 'कर'ला लावून पाहिला. ही चूक त्याच्या बुद्धीची खूण आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्याकडचं मूल 'त्यानं सांगितलान' म्हणतं. इथे करणारा कोण, ते क्रियापदाच्या शेवटी उमटतं. प्रमाण मराठीत तृतीय पुरुषासाठी ही सोय नाही. हे मूल पहिलीत वहीत 'सांगितलान' लिहितं आणि शब्दाभोवती तांबडं वर्तुळ येतं. त्यानं आपल्या बोलीचा नियम अचूक पाळला होता, तरी आपली आई चुकीचं बोलते एवढंच ते शिकतं आणि हळूहळू वर्गात गप्प बसू लागतं. माझं ठाम म्हणणं आहे की कुणबीवाडी, कोळीवाडा आणि मोहल्ला इथल्या मुलांसाठी पुस्तकातली मराठी ही जवळजवळ दुसरी भाषा आहे, आणि ती तशीच शिकवायला हवी. बागेतल्या नेपाळी मुलीसाठी तर ती तिसरी. ती मुलगी सहा महिन्यांत मैत्रिणींशी फाडफाड बोलू लागते आणि आपण समजतो, झालं, हिला मराठी आली. कॅनडातल्या स्थलांतरित मुलांचा अभ्यास करून जिम कमिन्स यांनी दाखवलं की बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण धड्याची, गणिताच्या उदाहरणाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. तिला चौथीत अडलं, तर ते मंदपणामुळे समजू नका.

गेल्या वर्षी, २०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय निघाला आणि जूनअखेर तो मागे घेण्यात आला. त्या वादात कोणती भाषा हवी यावर पुष्कळ बोललं गेलं, पण सहा वर्षांचं मूल घरून काय घेऊन येतं, हा प्रश्न मागेच राहिला. घरची भाषा सुटली की काय होतं, यासाठी मॉरिशसकडे पाहा. एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारावर मजूर म्हणून तिकडे गेलेल्यांचे वंशज आज शाळेत मराठी शिकतात, पण घरात बोलतात क्रिओल. शाळेने त्यांची मराठी नष्ट होऊ दिली नाही, हे तिचं मोठंच काम. पण घरात सुटलेली भाषा एकट्या शाळेला घरात परत नेता आली नाही. आपल्या वाड्यांतली बोली अजून जिवंत आहे. ती शाळेच्या दारात सोडून यायला मुलांना आपण का लावावं?

म्हणून पहिली-दुसरीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. मुलाची गोष्ट त्याच्या बोलीत ऐका, तशीच फळ्यावर लिहा, शेजारी पुस्तकी रूप लिहा आणि दोन्ही त्याच्याकडून वाचून घ्या. तिसरीपर्यंत बोलीतल्या रूपांवर तांबडी शाई नको. आठवड्यातून एक तास एखादी आई वर्गात येऊन आपल्या भाषेत गोष्ट सांगू दे, मग ती नेपाळी असो वा मोहल्ल्यातली कोकणी. आणि जाळ्यांचे, माशांचे, वाऱ्यांचे, कलमांचे इथले शब्द मुलांनीच घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून गोळा करावेत, शिक्षकांनी ते नोंदवावेत आणि पुढच्या जूनपर्यंत त्यांची छापील पुस्तिका तालुक्यातल्या प्रत्येक शाळेच्या पहिलीच्या वर्गात पोचावी, असा ठराव मी आज या संमेलनापुढे मांडतो आणि अनुमोदनाची विनंती करतो.